भट्टीचा नंबर

सकाळचे दहा वाजलेत आणि ऑक्टोबरचं ऊन आत्ताच मानेवर बसलंय. धारावीच्या नव्वद फूट रस्त्यावर एक टेम्पो मागे मागे येतोय. क्लीनर पत्र्यावर हात आपटतो, "आने दो, आने दो!" टेम्पोमागे रिक्षा अडकलीय, रिक्षामागे बस. हॉर्न थांबत नाहीत. या गोंगाटाच्या कडेला कुंड्यांची भिंत उभी आहे. एकात एक बसवलेल्या कुंड्या, कमरेएवढ्या, छातीएवढ्या, डोक्यावरून जाणाऱ्या. त्यांच्या पायाशी माठ. माठांपुढे धुपाटणी, गल्ले, मातीच्या चुली. आणि सगळ्यांत पुढे, गोणपाटावर ओतलेल्या पणत्या.

नवरात्र आटोपलंय. भोकाभोकांचे गरबे एका कोपऱ्यात चार-दोनच उरलेत. दिवाळी तोंडावर आहे आणि जो तो पणत्यांसाठी आलाय.

रांग म्हणावी अशी रांग नाही. पण कोण कोणाच्या आधी आलं, हे सगळ्यांना पाठ आहे. दादरच्या फुटपाथवर विकणारा एक जण रिकामी गोणी खांद्यावर टाकून उभा आहे. कल्याणहून आलेली बाई पालथ्या घातलेल्या टबावर टेकलीय. कुठल्याशा सोसायटीच्या दोघी जणी मोबाइलमधली यादी पुन्हा पुन्हा वाचतायत. एक आजोबा फक्त पंचवीस पणत्यांसाठी आलेत. त्यांनाही थांबावंच लागतंय.

विकायला बसलेली बाई चाळिशीची असेल. पदर कानामागे खोचलेला, हाताला लाल भुकटी. ती पणत्या मुठीनं उचलते. एका मुठीत पाच. वीस मुठी झाल्या की शेकडा. तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. शेकडा भरला की वर आणखी तीन-चार टाकते. वाटेत फुटतील म्हणून.

"भाभी, मागच्या दिवाळीला शेकडा स्वस्त होता," दादरवाला म्हणतो.

"मग मातीची गाडी पण मागच्या दिवाळीच्या भावात आणून दे ना, भाऊ," ती मराठीतच उत्तर देते. हात थांबत नाही.

साधी पणती इथे घाऊक भावात रुपया-दोन रुपयांना पडते. नक्षीची, रंगवलेली असेल तर भाव चढतो. रुपया-दोन रुपयांच्या या वस्तूला किती हात लागतात, ते दुकानासमोर उभं राहून दिसत नाही. त्यासाठी मागे जावं लागतं.

"जा ना आत," भाभी म्हणते. "पण खाली बघून चाला."

खाली बघूनच चालावं लागतं. गल्लीच्या दोन्ही बाजूंना फळ्या, फळ्यांवर पणत्या. ओट्यांवर, पायऱ्यांवर, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर, बंद पडलेल्या स्कूटरच्या सीटवर. ओली पणती गडद, सुकत आलेली फिकट. रंगावरूनच कळतं कुठली आजची, कुठली परवाची. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी पाठीवर दप्तर घेऊन त्यांच्यामधून पळत जाते. एकही पणती हलत नाही.

इथे वास दोन. ओल्या मातीचा आणि धुराचा. रस्त्यावरचे हॉर्न आता भिंतीपलीकडून आल्यासारखे ऐकू येतात. त्यांच्या जागी दुसरे आवाज येतात. मोटरची घरघर. कुठेतरी टीव्हीवर चालू असलेली गुजराती मालिका. आणि मधूनच थप्, थप्, थप्. कोणीतरी माठ थोपटतंय.

अर्ध्या गल्लीवर सावली आहे आणि अर्ध्या गल्लीवर ऊन. ओला माल सगळा सावलीत आहे. ऑक्टोबरच्या उन्हात तो थेट ठेवला तर वरची कातडी आधी आवळते, आतलं पाणी अडकतं आणि काठाला चीर जाते. म्हणून आधी सावली, मग कोवळं ऊन, मग कडक. फळ्या दिवसभर सरकत राहतात. सरकवणारी बहुतेक म्हातारी माणसं आणि मुलं. एक आजोबा सावलीची कड पाहतात, उठतात, फळी हातभर पुढे ढकलतात, परत बसतात.

आपण ज्या घरात शिरतो ते लांबट आहे. रस्त्याकडे दुकान, मधे राहायची जागा, मागच्या दारातून उतरलं की भट्ट्यांचा चौक. माती मागच्या दारानं येते आणि माल पुढच्या दारानं जातो. मधल्या भागात माणसं जेवतात, झोपतात, आजारी पडतात, दहावीचा अभ्यास करतात. भांड्यांच्या मांडणीखाली पणत्यांचे क्रेट रचलेत. पलंगाखाली कुंड्या. देव्हाऱ्याशेजारी रंगाचे डबे. पोटमाळ्यावर जायच्या शिडीच्या पायऱ्यांवरही गल्ले वाळत ठेवलेत, एका कडेला, पाय ठेवायला जागा सोडून.

धारावीतल्या कुंभारांच्या या वस्तीचा, कुंभारवाड्याचा, सगळा पसारा साधारण साडेबारा एकरांचा. त्यात कित्येक घरं याच बेताची. राहणं आणि कमावणं यांच्यामध्ये इथे भिंत घातलेली नाही.

चाक मागच्या दारापाशी आहे, उजेड येतो तिथे. चाकावर घरातले मोठे भाऊ बसलेत. पन्नाशी उलटलेले, गुडघ्यापर्यंत वर घेतलेला पायजमा, बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. पंखा बंद आहे. चालू केला तर वारा एकाच बाजूनं लागतो आणि ओला माल एकाच बाजूनं सुकतो. म्हणून या उकाड्यातही पंखा बंद.

चाक विजेवर फिरतंय. त्यावर मातीचा मोठा शंकू बसवलाय, गुडघ्याएवढा. भाऊंचे दोन्ही अंगठे शंकूच्या टोकात उतरतात. टोक उघडतं. बोटं बाहेरून दाब देतात, काठ वर येतो. उजव्या हाताचं पहिलं बोट काठाच्या एका जागी क्षणभर टेकतं आणि चोच तयार होते. मग दोरा. दोऱ्याचं एक टोक ओल्या मातीला लागतं, चाकाच्या फेऱ्याबरोबर आपोआप गुंडाळलं जातं, भाऊ झटकन ओढतात. पणती सुटून हातात येते. ती फळीवर जाते. अंगठे पुन्हा शंकूत उतरलेले असतात.

हे सगळं व्हायला आठ-दहा सेकंद. फळीवर पणत्यांची ओळ वाढत जाते आणि शंकू खाली खाली येतो. सरावलेला माणूस दिवसाला हजार-दीड हजार पणत्या सहज काढतो. भाऊ हाताकडे बघतसुद्धा नाहीत. ते मागच्या दारातून आकाशाकडे बघतायत.

"ढग आहेत का?" ते विचारतात.

परतीच्या पावसाची भीती आहे. कच्ची पणती म्हणजे अजून मातीच. अर्धा तास सर लागली तर आठवड्याचं काम पुन्हा चिखल होतं. प्रत्येक दाराशी निळी ताडपत्री घडी करून ठेवलीय. पहिला थेंब पडला की कोणी कोणाचा माल झाकायचा, हे विचारत बसत नाहीत. जो जवळ असतो तो झाकतो.

चाकाच्या मागे, भिंतीला टेकून, दुसरं चाक उभं आहे. जाडजूड, जड, कडेला काठी अडकवायची खाच. काठीनं गरगर फिरवायचं, फिरतं आहे तोवर मडकं काढायचं, मंदावलं की पुन्हा काठी. त्यावर आता ओल्या चड्ड्या वाळत घातल्यात. पण ते कोणी भंगारात दिलेलं नाही.

"ते सासऱ्यांचं," बा सांगते. भाऊंची आई. ऐंशीच्या आसपासची. उंबऱ्यात बसून पणत्यांच्या तळाची खरखर बोटानं पुसतेय. "त्यांच्या आधी त्यांच्या बापाचं. मी सौराष्ट्रातून लग्न करून आले तेव्हा सगळे त्याच्यावरच बसायचे."

घराचा इतिहास असा उंबऱ्यात बसून, हात चालू ठेवून सांगितला जातो. कागद फारसे नाहीत. भिंतीवर एक फोटो आहे, फेटा बांधलेल्या माणसाचा, सुकलेल्या हारासह. त्याखाली कपाटात लाल बासनातल्या जुन्या वह्या, गुजराती आकड्यांनी भरलेल्या. बाकीचं सगळं बोलण्यात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून काठियावाडातले कुंभार मुंबईला येऊ लागले. पाऊस रुसला की तळी आटायची. तळं आटलं की माती मळायला पाणी नाही, आणि शेतकऱ्याच्या घरात दाणा नाही तर मडकं घेणार कोण? संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा दुष्काळ गुजरातेत आजही 'छप्पनियो' म्हणून बोलला जातो. मुंबईत तेव्हा गिरण्या होत्या, गोदी होती, माणसांची गर्दी होती. प्रत्येक खोलीत पाण्याला माठ लागत होता. कुंभार आले ते या माठामागे.

आधी वस्ती शहराच्या आत होती. गिरगावच्या बाजूला कुंभारवाडा हे नाव अजून पत्त्यांवर आहे. शहर वाढलं तशा धुराच्या तक्रारी वाढल्या, जागेची किंमत वाढली. भट्ट्या उत्तरेकडे सरकत गेल्या. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्या इथे आल्या, माहीमच्या खाडीजवळ, तेव्हाच्या मुंबईच्या टोकाला. कोळीवाडा होता, चामडं कमावणारे कारखाने होते, बाकी दलदल. कोणाला नको होती ती जमीन. कुंभारांनी ती भरली, सपाट केली, घरं बांधली आणि मधे चौक ठेवला.

"चौक आधी, घर नंतर," बा म्हणते. "भट्टीला जागा नाय तर घर काय कामाचं?"

महाराष्ट्रातल्या गावाचा कुंभार बारा बलुतेदारांतला. वर्षभर गावाला मडकी पुरवायची आणि सुगीला खळ्यावरून बलुतं घ्यायचं. या घरानं ती रीत मुंबईत पाहिलीच नाही. इथे पहिल्या दिवसापासून रोख. पण एक गोष्ट तशीच राहिली. कारागीर एक माणूस नाही, घर आहे.

ते आता डोळ्यांसमोर दिसतंय. मागच्या दाराबाहेर धाकटी सून माती तुडवतेय. माती मुंबईची नाही. ट्रकनं येते, काही गुजरातेतून, काही मुंबईच्या पलीकडच्या तालुक्यांतून. नुसती चिकट माती तडकते, नुसती रेताड माती उभी राहत नाही. दोन्ही मिसळून, भिजवून, चाळून मग पायाखाली. काही घरांत मळायचं यंत्र आलंय. या घरात अजून पाय. टाच दाबायची, सरकायचं, टाच दाबायची. मातीवर पावलांची गोल नक्षी उमटते आणि पुढच्या फेरीत मोडते.

ती मधेच थांबते. वाकते. नखानं एक पांढरा कण उचलून बाजूला टाकते. जोंधळ्याएवढाही नाही.

"चुनखडी," ती म्हणते. "आत्ता काय करत नाय. नंतर फोडते."

कण भट्टीत भाजून निघतो. पणती चांगली दिसते, दुकानात जाते, विकली जाते. मग हवेतली ओल तो कण ओढून घेतो, फुगतो, आणि दोन-चार दिवसांनी पणतीच्या अंगावरून नाण्याएवढा टवका उडतो. गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणून पायाच्या तळव्याला जो कण टोचतो त्याच्यासाठी थांबायचं असतं.

चाकावर इथे पुरुष बसतो. बहुतेक घरांत अजून तसंच आहे. पण चाकाच्या आधीचं सगळं आणि चाकाच्या नंतरचं जवळजवळ सगळं बायकांच्या हातून जातं. माती चाळणं, मळणं, फळ्या उचलणं, तळ पुसणं, गेरूत बुडवणं, रंगवणं, भट्टीपर्यंत वाहून नेणं, मोजणं, विकणं. दाराशी बसलेली पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पणतीच्या काठावर पांढरे ठिपके देतेय. ब्रश नाही, कानकोरणीचा कापूस. सात ठिपके, पणती बाजूला. सात ठिपके, पणती बाजूला. मांडीवर मोबाइल. त्यावर कोणा गिऱ्हाइकाचा मेसेज येतो, ती रंगलेल्या पणत्यांचा फोटो काढून पाठवते आणि पुन्हा तो कापूस उचलते. जिथे भाऊंचे आठ सेकंद लागले तिथे घरातल्या बायकांची मिनिटांवर मिनिटं लागतायत. मुंबईत कोणी 'कुंभार' म्हटलं की डोळ्यांसमोर चाकावरचा माणूस येतो. या घरात तासभर बसलं की ते चित्र अपुरं आहे हे कळतं.

आता चौकात उतरू.

इथे उष्मा वेगळाच आहे. वरून ऊन, समोरून भट्टी. विटांचे चौकोनी हौद, छातीपर्यंत उंच, वरून उघडे, खाली आगीसाठी तोंडं. विटा काळ्या पडलेल्या, सांध्यांत राख. घरांच्या दोन ओळींच्या मधे अशा भट्ट्या ओळीनं आहेत. एक भट्टी एका घराची नाही. तीन-चार घरं मिळून ती वापरतात. आणि दिवाळीच्या आधी सगळ्यांनाच ती हवी असते.

म्हणून नंबर. कुठे लिहून ठेवलेला नाही, पण चौकातल्या बायकांना तोंडपाठ आहे. आज समोरच्या घराची, उद्या यांची, परवा कोपऱ्यातल्या घराची. कोणाच्या घरी लग्न किंवा मयत असेल तर नंबर बदलतो. माल आधी सुकला म्हणून बदलत नाही.

समोरची भट्टी भरतायत. आत एक मुलगा उतरलाय, फक्त डोकं दिसतं. बाहेरून हात फिरतायत. आजी, सून, शेजारी, हातोहात क्रेट. तळाला जाड माल. कुंड्यांच्या पोटात माठ, माठाच्या पोटात लहान मडकी, फटीफटीत पणत्या. एकही जागा रिकामी जात नाही, कारण जळण तेवढंच लागतं. पण अगदी गच्चही बसवत नाहीत. आगीला वाट हवी. मुलगा एक पणती उचलतो, कानाशी नेतो, परत देतो. "ओली." ओली पणती आगीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते. एकटी फुटत नाही, शेजारच्या दहा घेऊन फुटते.

रचून झाल्यावर वर जुन्या मडक्यांची खापरं पसरतात. खापरांवर राख. मग खालून जळण. लाकडाचे तुकडे, भुसा आणि कपड्यांच्या कारखान्यांतून आलेल्या चिंध्यांच्या गोण्या. गोणी उघडली की रंगीबेरंगी कापलेल्या पट्ट्या बाहेर येतात. कोणाच्या तरी शर्टाची बाही कापून उरलेलं कापड. धारावीत काहीच वाया जात नाही. पण चिंधीत सूत कमी आणि नायलॉन जास्त असेल तर धूर काळा येतो आणि घशाला झोंबतो.

भट्टी पेटते. आधी पांढरा धूर. ती मालातली उरलीसुरली ओल. बायका खिडक्या लावून घेतात. वाळत घातलेले कपडे आत जातात. बा पदर नाकाला लावते, खोकते, थांबते, पुन्हा खोकते. चौकातल्या बहुतेक म्हाताऱ्या माणसांचा खोकला असाच आहे, खोल आणि जुना. गॅसच्या भट्टीत हा धूर नाही. काही घरांनी ती घेतलीही आहे, पण ती महाग, तिच्यात माल कमी मावतो आणि दोन रुपयांच्या पणतीवर तिचा खर्च निघत नाही. चौकातल्या या धुरावर बोलायचं तर पणतीच्या भावावरही बोलावं लागेल.

दुपार चढते. आता कोणी काही करायचं नाही, फक्त आग सांभाळायची. हळू पेटवायची, एकदम भडकवायची नाही. पहिले काही तास मंद, मग जोर. पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे गेलं की मातीच्या कणांत बांधून बसलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती पाण्यात विरघळत नाही. इथून परत फिरता येत नाही. अशा उघड्या भट्टीत आग आठशे अंशांच्या आसपास जाते. थर्मामीटर कुठेच नाही. भाऊ येतात, तोंडातून आत बघतात, लालीचा रंग पाहतात. "अजून," म्हणतात आणि जातात. तासाभरानं पुन्हा येतात. "अजून थोडं."

हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहाचा रंग लाल येतो. हवा कोंडली, धूर आत राहिला, तर काळा. एकाच भट्टीतून दोन्ही रंग निघतात. लाल माल पुढच्या दुकानात मांडतात, काळवंडलेल्याला गेरू लावतात.

पलीकडची भट्टी कालची. ती रात्रभर निवत होती, आता उघडतायत. दोन मुलं हातांना ओलं फडकं गुंडाळून खापरं बाजूला करतात. राख उडते. वरचा थर हाताला सोसवतो, खालचा अजून नाही. एकेक माठ बाहेर येतो. भाऊंचे धाकटे बंधू प्रत्येकावर बोटाच्या पेरानं ठोकतात. टण्. टण्. टण्. बद्द.

बद्द वाजलेला बाजूला जातो. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजाला कळते.

मराठी माणसाला इथे तेरचे गोरोबाकाका आठवतात. संतांच्या मेळ्यात थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर ठोकून कुठलं मडकं पक्कं, कुठलं कच्चं हे पाहणारे गोरा कुंभार. ती गोष्ट लहानपणी कीर्तनात ऐकलेली असते. या चौकात उभं राहिलं की तिच्यातली कारागिरी ऐकू येते. ज्यानं ती रचली त्याला भट्टी उघडताना कुंभार काय करतो हे नेमकं ठाऊक होतं.

बद्द वाजलेले माठ फेकत नाहीत. त्यांची खापरं होतात आणि पुढच्या भट्टीवर झाकायला येतात.

भाभी पाणी आणून देते. घरातल्याच माठातलं. माठाच्या अंगावर दव आहे. भाजलेल्या मातीत बारीक छिद्रं राहतात, त्यांतून पाणी झिरपून बाहेर येतं, उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं ते भराभर उडतं. म्हणून माठ नागपूरला जसा गारेगार होतो तसा मुंबईच्या दमट हवेत होत नाही. तरी या भट्टीसमोरून आल्यावर ते पाणी घशाखाली उतरतं आणि माणूस दुसरा पेला मागतो.

फ्रिज आला आणि माठाचं गिऱ्हाईक कमी झालं. प्लास्टिकच्या कुंड्या आल्या. साच्यातून हजारोंनी निघणाऱ्या पणत्या आल्या. दर वेळी घरानं वस्तू बदलली. माठ कमी केले, कुंड्या वाढवल्या. कुंड्या कमी झाल्या तेव्हा दह्याची मडकी, बिर्याणीच्या हंड्या, चहाचे कुल्हड. भाऊंनी चाकावर काय काढायचं हे मुंबईचा सण ठरवतो. अक्षय्य तृतीयेला दानाचे घडे. श्रावणात दहीहंडी. आश्विनात घट आणि गरबा. मग पणत्या. लग्नसराईत बोळकी. पाऊस लागला की माल सुकत नाही, तेव्हा चाक मंद आणि उधारी चालू.

घरातला मोठा मुलगा संध्याकाळी सहाला येतो. बी.कॉम. झालाय, अंधेरीला एका ऑफिसात हिशेब बघतो. बूट दारात काढतो, शर्ट खुंटीला लावतो, चहा पिता पिता क्रेट उचलायला लागतो. चाकावर बसता येतं का, असं विचारल्यावर तो वडिलांकडे बघतो.

"येतं त्याला," भाऊ म्हणतात. "पणती येते. माठ नाय येत अजून."

"बसणार का?"

"इथे जागा राहिली तर बघू," मुलगा म्हणतो.

जागेचा विषय या चौकात दिवसातून एकदा तरी निघतोच. 2004 साली धारावीच्या पुनर्विकासाची मोठी योजना मंजूर झाली. तेव्हापासून नकाशे बदलत आले, बैठका होत आल्या, फॉर्म भरून घेतले गेले. चांगलं घर कोणाला नको? नळ घरात हवा, संडास घरात हवा, धूर नको. इथली माणसं हे मोकळेपणानं बोलतात. पण सातव्या मजल्यावर माती कशी चढवायची? हजार ओल्या पणत्यांची फळी लिफ्टमधून कशी न्यायची? भट्टी एकीकडे, घर दुसरीकडे आणि दुकान तिसरीकडे गेलं तर बानं तळ कधी पुसायचे, मुलीनं शाळेतून आल्यावर ठिपके कुठे द्यायचे?

हाच या घराच्या व्यवसायाचा गाभा आहे आणि तो चाकावर शोधून सापडत नाही. भाऊंचं कसब दुसऱ्या जागी नेता येईल, मोटर नेता येईल. पण उठता-बसता, स्वयंपाक करता करता, नातवंडाला मांडीवर घेऊन दिलेल्या या शेकडो मिनिटांची मजुरी कोणीच धरलेली नाही. ती मजुरी धरली तर पणती दोन रुपयांत बसणार नाही. मागचं दार, पुढचं दार आणि मधला चौक एका जमिनीवर आहेत म्हणून ती बसते. पुनर्विकासात या माणसांना घर देताना चौरस फूट मोजले जातील. त्यांच्यासोबत चौकही मोजला पाहिजे, धूर न करणारी सामायिक भट्टी त्यात धरली पाहिजे, आणि तळमजला दिला पाहिजे. हे न देता दिलेलं घर म्हणजे चार पिढ्यांचा धंदा बंद करायची नोटीस आहे.

अंधार पडतो. भट्टीचं तोंड आता लालबुंद दिसतं. समोरच्या घरचा मुलगा शेवटची गोणी आत ढकलतो आणि तोंडं विटांनी बुजवायला घेतो. उद्या यांचा नंबर. भाऊंची बायको क्रेट मोजतेय. धाकटी सून पाय धुऊन भाकऱ्या थापायला बसलीय.

पुढच्या दुकानात गर्दी अजून आहे. दादरवाला दुसरी फेरी मारायला आलाय. सोसायटीच्या दोघींच्या पणत्या वर्तमानपत्रात बांधून झाल्या. टेम्पो भरतोय, क्रेटवर क्रेट, मधे पेंढा. ड्रायव्हर दोरी आवळतो, जास्त आवळू नको म्हणून भाभी त्याला दटावते.

एक बाई टेम्पोला वळसा घालून येते. लालबागला तिचा पूजेच्या सामानाचा गाळा आहे. तिला पणत्या नकोत.

"सुगडं लागतील संक्रांतीला. लहान, पाचाचा संच. कधी मिळतील?"

भाभी आकाशाकडे नाही, कॅलेंडरकडे बघते. दिवाळी. मग त्यांचं नवं वर्ष, बेसतुं वरस. लाभपाचमीपर्यंत चाक बंद, त्यानंतर नवी माती. 14 जानेवारीच्या आधी माल दादर-लालबागच्या गाळ्यांवर पोहोचायला हवा आणि भट्टीचे नंबर पुन्हा लावायला हवेत.

"डिसेंबरच्या शेवटी या," ती म्हणते. वहीत आकडा लिहिते, गुजरातीत. खाली रेघ मारते. "पण निम्मे पैसे आत्ता द्या, ताई. मातीची गाडी सांगावी लागेल."